दाम्पत्यधर्म : एका प्रश्नाच्या निमित्ताने

गेली चौदा वर्षे आम्ही उभयता आमच्या धर्मग्रामातील विवाहपूर्व मार्गदर्शन शिबिरात एक तास घेत आलो आहोत. वेळापत्रकात त्या तासाचे नाव 'जबाबदार पालकत्व' असे असते. आमच्या आधी धर्मगुरू विवाहसंस्काराविषयी बोलतात, आमच्यानंतर डॉक्टर बोलतात. मधला तास आमचा. ख्रिस्तसभेची लैंगिकतेविषयीची शिकवण आणि नैसर्गिक कुटुंबनियोजनाची पद्धत हा आमचा विषय. मुलेमुली मान खाली घालून ऐकतात, वहीत चार शब्द टिपतात, प्रश्न सहसा विचारीत नाहीत. गेल्या उन्हाळ्यातील शिबिरात मात्र एक मुलगी उभी राहिली. नर्सिंग करणारी, शांत चेहऱ्याची. तिने विचारले, "अंकल, आंटी, तुम्ही स्वतः हे पाळलंत का?"

त्या प्रश्नात उद्धटपणा नव्हता. तिला खरोखरच जाणून घ्यायचे होते. आम्ही एकमेकांकडे पाहिले आणि "प्रयत्न केला" असे मोघम उत्तर देऊन पुढच्या मुद्द्याकडे वळलो. घरी परतताना वाडीच्या वाटेवर आम्ही दोघेही गप्प होतो. आपण खोटे बोललो नाही, पण खरेही बोललो नाही, ही टोचणी दोघांच्याही मनात होती. प्रस्तुत लेख म्हणजे त्या मुलीला दिलेले उशिराचे उत्तर आहे, असे सुज्ञ वाचकांनी समजावे.

आधी शिकवण काय आहे ते नीट पाहू; कारण तिच्याविषयी आपल्या समाजात जेवढे बोलले जाते, त्यापेक्षा फारच कमी वाचले जाते. ख्रिस्तसभेला शरीराचे वावडे आहे, हा समज जुना आहे, आणि तो सर्वस्वी निराधार आहे असेही म्हणता येणार नाही. संत ऑगस्टिन यांनी पाचव्या शतकाच्या प्रारंभी विवाहाची तीन श्रेये सांगितली : अपत्य, निष्ठा आणि संस्काराचे अतूट बंधन. विवाह ही चांगली गोष्ट आहे, हे त्यांनी त्या काळातील विवाहद्वेष्ट्यांना ठणकावून सांगितले. परंतु शरीरसुखाकडे मात्र ते संशयानेच पाहत राहिले. त्या संशयाची सावली पुढे अनेक शतके पडली. १९१७ सालच्या धर्मसंहितेत अपत्यजनन आणि अपत्यसंगोपन हा विवाहाचा प्रधान हेतू, तर परस्परसाहाय्य आणि वासनेचे शमन हा दुय्यम हेतू, अशी सरळ उतरंड मांडलेली होती.

ही उतरंड दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने बाजूला ठेवली. १९६५ साली संमत झालेल्या 'आधुनिक जगातील ख्रिस्तसभा' या दस्तऐवजात विवाहाचे वर्णन जीवन आणि प्रेम यांची जिव्हाळ्याची भागीदारी असे केले गेले. पतिपत्नीचा देहसंबंध हा त्यांच्या प्रेमाचा खास आविष्कार असून तो प्रतिष्ठेचा आहे, हेही तेथे स्पष्ट सांगितले आहे. मुले किती असावीत याचा निर्णय अंतिमतः पतिपत्नींनीच देवासमक्ष घ्यावयाचा आहे, हे वाक्य तर आमच्या आईवडिलांच्या पिढीला कुणी कधी वाचून दाखविले असेल, असे वाटत नाही. १९८३ च्या नव्या धर्मसंहितेत दाम्पत्याचे कल्याण आणि अपत्य हे दोन्ही हेतू शेजारीशेजारी, कुणालाही वरचढ न ठरविता, मांडले गेले. बायबल तर त्याच्याही पुष्कळ आधी या बाबतीत मोकळे होते. गीतरत्नासारखे प्रेमकाव्य पवित्र शास्त्रात आहे, आणि टोबीतच्या पुस्तकातील नवदांपत्य पहिल्या रात्री शेजेवरून उठून एकत्र प्रार्थना करते. शेज आणि प्रार्थना यांत वैर नाही, हेच त्या कथेचे सांगणे आहे.

मग अडचण कोठे आहे? ती आहे संततिनियमनाच्या साधनांपाशी. १९३० साली अँग्लिकन बिशपांच्या लॅम्बेथ परिषदेने काही मर्यादांत कृत्रिम साधनांना मोकळीक दिली, आणि त्याच वर्षाच्या अखेरच्या दिवशी पोप पायस अकरावे यांनी 'कास्ती कोनुबी' हे विश्वपत्र काढून तिला नकार दिला. त्याच सुमारास जपानचे डॉ. ओगिनो आणि ऑस्ट्रियाचे डॉ. क्नाउस यांनी स्त्रीच्या मासिक चक्रातील फलनक्षम काळ कसा ओळखावा, हे शोधून काढले होते. १९५१ साली पोप पायस बारावे यांनी सुईणींपुढे केलेल्या भाषणात, गंभीर कारण असेल तर अफलनकाळाचा आधार घेण्यास हरकत नाही, असे सांगितले. म्हणजे अपत्य टाळण्याचा हेतू सर्वथैव पापमय नाही, हे ख्रिस्तसभेने मान्य केले. प्रश्न उरला तो मार्गाचा.

पुढे गर्भनिरोधक गोळी आली आणि प्रश्न नव्याने उभा राहिला. पोप जॉन तेविसावे यांनी १९६३ साली सहा जणांचा एक आयोग नेमला. पोप पॉल सहावे यांनी तो वाढवीत नेला. त्यात डॉक्टर, अर्थशास्त्रज्ञ, ईशज्ञानी आणि विवाहित दांपत्येही होती. शेवटच्या टप्प्यात ज्या कार्डिनल-बिशपांची त्यावर नेमणूक झाली, त्यांत मुंबईचे कार्डिनल व्हॅलेरियन ग्रेशस हेही होते. १९६४ च्या डिसेंबरात साक्रामेंताच्या जागतिक अधिवेशनासाठी पोप पॉल मुंबईत आले, तेव्हा हा प्रश्न त्यांच्या मनात धुमसतच असणार. १९६६ साली आयोगातील बहुमताने शिकवणीत बदल सुचविला. दोन वर्षे विचार करून पोपमहोदयांनी बहुमत बाजूला ठेवले आणि २५ जुलै १९६८ रोजी 'हुमाने व्हिते' या विश्वपत्रावर स्वाक्षरी केली.

त्या विश्वपत्राचा गाभा एका विचारात सामावलेला आहे. पतिपत्नीच्या मीलनाला देवाने दोन अर्थ दिले आहेत : ते दोघांना एक करते आणि ते नव्या जीवनाला दार उघडे ठेवते. या दोन अर्थांची फारकत माणसाने आपल्या इच्छेने करू नये. देहसंबंध ही एक भाषा आहे. तिच्यात 'मी माझे सर्वस्व तुला देतो' असे म्हणत असतानाच आपली जननक्षमता तेवढी मागे राखून ठेवली, तर बोलणे आणि करणे यांत अंतर पडते. १९७९ ते १९८४ या काळात पोप जॉन पॉल दुसरे यांनी बुधवारच्या सभांतून शरीराविषयी जे चिंतन मांडले, त्याचे सूत्र हेच होते. पोप होण्याच्या कितीतरी आधी त्यांनी लिहून ठेवले होते की प्रेमाच्या विरुद्ध टोकाला असतो तो व्यक्तीचा वापर.

या विचारावर आक्षेप आहेत, आणि ते उथळ नाहीत. पहिला आक्षेप असा : कॅलेंडर पाहून संबंध टाळणारे जोडपे आणि गोळी घेणारे जोडपे यांचा हेतू एकच असेल, तर एक पुण्यवान आणि दुसरे पापी कसे? याला उत्तर असे दिले जाते की पहिले जोडपे स्वतःचे वागणे बदलते, तर दुसरे शरीराचा धर्म बदलते. उपास करणे आणि जेवून ओकून टाकणे या दोहोंनी वजन कमी होत असेल, म्हणून त्या एकच कृती ठरत नाहीत. हे उत्तर आम्हांला बऱ्याच अंशी पटते. दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. निसर्गाच्या कामात माणूस पावलोपावली हस्तक्षेप करतो. चष्मा लावतो, हृदयावर शस्त्रक्रिया करतो. मग याच एका ठिकाणी निसर्गक्रम पवित्र का? यावर म्हणतात की चष्मा बिघडलेली दृष्टी सुधारतो, आणि जननक्षमता हा काही बिघाड नव्हे. हे खरे. परंतु ज्या स्त्रीला पुढचे बाळंतपण जिवावर बेतणार आहे, तिच्यापुरती तीच क्षमता रोगाइतकी भयंकर होते. येथे आमचे उत्तर अडखळते, आणि ते अडखळते हे आम्ही लपवू इच्छित नाही.

आपल्या मराठी मुलखाला हा वाद नवा नाही. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि १९२७ पासून १९५३ मध्ये देह ठेवीपर्यंत 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालविले. आपल्या मतांपायी त्यांना एका ख्रिस्ती महाविद्यालयातील गणिताची प्राध्यापकी गमवावी लागली. त्यांची भूमिका आमची नव्हे. पण स्त्री वारंवारच्या बाळंतपणांनी खंगून मरते आणि समाज त्याला नशीब म्हणतो, हे त्यांनी पाहिले, आणि जे पाहिले ते पदरमोड करून सांगितले. दुसऱ्या बाजूला, १९३५ च्या डिसेंबरात मार्गारेट सँगर वर्ध्याला महात्मा गांधींना भेटल्या, तेव्हा गांधीजींनी कृत्रिम साधनांना ठाम विरोध करून संयमाचाच आग्रह धरला. तेव्हा या प्रश्नावरची संयमाची बाजू केवळ रोमहून आलेली आहे, असे मानण्याचे कारण नाही.

पोप पॉल यांनी एक धोका बोलून दाखविला होता : ही साधने एकदा सर्रास झाली की पुरुषाचा स्त्रीविषयीचा आदर कमी होईल, आणि सत्ताधारी ती प्रजेवर लादू लागतील. आठच वर्षांनी, आणीबाणीच्या काळात, १९७६-७७ या एका वर्षात आपल्या देशात ऐंशी लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. त्यांतील कित्येक धाकदपटशाने. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर १९७६ साली सक्तीच्या नसबंदीचे विधेयकही संमत केले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते बारगळले. आणि आज काय चित्र आहे? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील विवाहित स्त्रियांपैकी सुमारे ३८ टक्के स्त्रियांनी स्वतःची शस्त्रक्रिया करून घेतलेली आहे. पतीची शस्त्रक्रिया झाली आहे अशा स्त्रिया मात्र अवघ्या ०.३ टक्के. पुरुषाची शस्त्रक्रिया अधिक सोपी आणि कमी धोक्याची असूनही हा हिशेब असा आहे. मुले दोघांची, चाकू मात्र तिच्या पोटावर. हे आकडे वाचताना शिकवण कालबाह्य आहे असे म्हणणाऱ्यांनी क्षणभर थांबावे, असे आम्हांला वाटते.

पण तितकेच आपल्या श्रद्धावंतांनीही थांबावे. 'हुमाने व्हिते'च्या तेराव्या परिच्छेदाकडे आपले लक्ष क्वचितच जाते. जोडीदाराची अवस्था आणि त्याची रास्त इच्छा लक्षात न घेता लादलेला संबंध ही प्रेमाची कृती नव्हे, असे तेथे नि:संदिग्ध शब्दांत म्हटले आहे. हे १९६८ साली सांगितले गेले. आपल्या देशाच्या कायद्यात, अगदी १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही, सज्ञान पत्नीवर पतीने केलेला बलात्कार हा बलात्कार मानला जात नाही. म्हणजे या एका बाबतीत तरी ख्रिस्तसभेची शिकवण कायद्याच्या पुढे आहे; परंतु तिच्यावर आम्ही आजवर एकही प्रवचन ऐकलेले नाही. गोळीविषयी कठोर आणि जबरदस्तीविषयी मूक, अशी नीती ही अर्धी नीती होय. 'सुरक्षित' दिवस आहेत म्हणून थकल्याभागल्या पत्नीवर हक्क गाजविणारा नवरा पद्धत पाळतो, पण धर्म मोडतो.

आता आमच्याविषयी. दुसऱ्या बाळंतपणात आमच्यापैकी जी पत्नी आहे तिचा रक्तदाब इतका वाढला की दोन दिवस तिची शुद्ध हरपली होती. तिसरे मूल झाले तर आई वाचेलच असे सांगता येणार नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. आम्ही तेव्हा नैसर्गिक पद्धत पाळू लागलो. थर्मामीटर आणला, वही केली, लाल आणि निळ्या खुणा करू लागलो. परंतु अंगावर पाजणाऱ्या बाईचे चक्र नियमित नसते. ताप कशाचा, चढउतार कशाचा, काही उमगेना. आमच्यापैकी जो पती आहे त्याच्या रात्रपाळ्या. त्यामुळे मोकळे दिवस आणि घरी असण्याचे दिवस यांचा मेळ बसेना. दोन वर्षे आम्ही ती वही जपली. त्या दोन वर्षांत आम्ही संयम शिकलो असे लिहिता आले असते तर बरे झाले असते. आम्ही भीती शिकलो. एकमेकांचा हात हातात घेण्याचीही भीती. प्रत्येक महिन्याचे शेवटचे दिवस म्हणजे फाशीची तारीख. अखेर आम्ही वही बंद केली आणि पुढची सहा वर्षे जे साधन निषिद्ध आहे तेच वापरले.

त्या वर्षांत आम्ही मिस्साला जात होतो, पण कम्युनियनच्या वेळी बाकावरच बसून राहत असू. घरातील वडीलधाऱ्यांच्या ते लक्षात आले. त्यांनी विचारले नाही, आम्ही सांगितले नाही. शेवटी एका वृद्ध धर्मगुरूंकडे आम्ही वेगवेगळे जाऊन पापनिवेदन केले. तुम्ही केले ते योग्यच होते, असे ते म्हणाले नाहीत. देवालय सोडून जा, असेही ते म्हणाले नाहीत. त्यांनी दोघांनाही एकच प्रश्न विचारला : "हा निर्णय कुणाच्या सोयीसाठी घेतलात?" आमच्यापैकी एकाचे उत्तर होते, तिच्या जिवासाठी. दुसरीचे उत्तर होते, त्याला घर सोडून दूर दूर जाताना पाहवेना म्हणून. ते म्हणाले, "मग प्रार्थना सोडू नका, आणि वही फेकून देऊ नका." पुढे तिचे चक्र स्थिरावले, आम्ही फलनाची लक्षणे ओळखण्याची बिलिंग्ज पद्धत एका भगिनींकडून नीट शिकलो, आणि पुन्हा त्या मार्गाला लागलो. दुसऱ्या खेपेला भीती नव्हती. आमच्यापैकी जो पती आहे, त्याला विवाहानंतर दहा वर्षांनी प्रथमच पत्नीच्या शरीरात महिनाभर काय काय घडते हे कळले. विचारण्याची सवय त्याला त्या वहीने लावली. शिकवणीतील सत्याचा अनुभव आम्हांला आला तो असा. पण तो शिकवण मोडल्यानंतर आला, हेही तितकेच खरे.

तर मग प्रश्न असा उरतो : जे आपण पूर्णपणे पाळले नाही, ते इतरांना शिकविण्याचा आपल्याला अधिकार आहे काय? दोन सोपी उत्तरे आहेत. एक म्हणजे, आपली चूक झाकून शिकवीत राहावे, कारण आदर्श आपल्यापेक्षा मोठा आहे. दुसरे म्हणजे, पाळता येत नाही तो आदर्शच खोटा मानावा. पहिल्या मार्गाने ढोंग वाढते. शिबिरात बसलेल्या मुलांना वाटते की हे सारे पाळणारी माणसे आपल्यासारखी नसतात. मग अडचण आली की ती सल्ला विचारायला येत नाहीत, निमूटपणे बाजूला होतात. दुसऱ्या मार्गाने तर आपल्या कुवतीची फूटपट्टी हाच धर्म होऊन बसतो.

१९८१ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी 'ख्रिस्ती कुटुंब' या प्रबोधनपत्रात यावर एक भेद सांगितला. माणूस पायरीपायरीने चढतो. परंतु म्हणून प्रत्येक पायरीसाठी वेगळा नियम असत नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ साली 'प्रेमाचा आनंद' या पत्रात त्याला जोड दिली : ख्रिस्तसभेचे काम सदसद्विवेकबुद्धी घडविण्याचे आहे, तिच्या जागी स्वतः बसण्याचे नव्हे. आणि स्वतः पॉल सहावे यांनीही, ज्या विश्वपत्राला कठोर म्हणून नावे ठेवली गेली त्याच विश्वपत्रात, पडणाऱ्या दांपत्यांनी निराश न होता पुन्हा पुन्हा देवाच्या दयेकडे वळावे, असे लिहून ठेवले आहे. या तिन्हींचा एकत्र अर्थ आम्ही असा लावतो : नियम खाली ओढू नये, आणि चढणाऱ्याला खाली ढकलू नये. मात्र विवेकबुद्धी म्हणजे मनाला येईल ते नव्हे. तिला शिक्षण लागते, प्रार्थना लागते, आणि जोडीदारापुढे खरे बोलण्याचे धैर्य लागते. जो निर्णय आपण एकमेकांना मोठ्याने सांगू शकत नाही, तो विवेकाचा नसून सोयीचा असण्याचाच संभव अधिक.

आपल्या वाड्यांत आज आठ-दहा मुलांची घरे राहिलेली नाहीत. महाराष्ट्राचा जननदर त्याच पाहणीनुसार १.७ वर आला आहे, आणि आपली घरे त्याला अपवाद आहेत असे मिस्सानंतर देवालयाच्या आवारात खेळणाऱ्या मुलांकडे पाहून वाटत नाही. याचा अर्थ उघड आहे. या बाबतीत आपण सर्वांनी काही ना काही निर्णय घेतलेले आहेत. फक्त त्याविषयी आपण न बोलण्याचा करार केला आहे. धर्मगुरू विचारीत नाहीत, प्रापंचिक सांगत नाहीत. या मौनाने शिकवण जपली जात नाही. ती तशीच कपाटात पडून राहते, आणि तरुण मुले आपले धडे भ्रमणध्वनीच्या पडद्यावरून घेतात, जेथे शरीर म्हणजे केवळ वापरण्याची वस्तू असते.

नंतरच्या शिबिरात आम्ही आमचा तास निराळ्या रीतीने घेतला. शिकवण पूर्वीइतकीच स्पष्ट सांगितली, काहीही गाळले नाही. तेरावा परिच्छेद आधी सांगितला. मग ती जुनी वही टेबलावर ठेवली आणि तिच्यातील कोरी सहा वर्षेही सांगितली. कुणी हसले नाही. तास संपल्यावर चार जोडपी मागे थांबली; चौदा वर्षांत असे प्रथमच घडत होते. आमच्या धर्मगुरूंना आम्ही सारे आधी कळविले होते. ते थोडा वेळ गप्प राहिले होते आणि मग म्हणाले होते, "सांगा. पण वही पुन्हा उघडली, तेही सांगा."

जिने प्रश्न विचारला त्या मुलीचा मधल्या काळात विवाह झाला. तिला आमच्याकडून उत्तर न मिळताच ती वेदीपुढे उभी राहिली, याचे आम्हांला वाईट वाटते. हा अंक तिच्या नव्या घरी जात असेल, तर आमचे उत्तर असे आहे : नाही, बेटा, आम्ही सगळे पाळले नाही. जे पाळले त्याने आम्हांला एकमेकांच्या जवळ आणले, आणि जे पाळले नाही ते देवापासून लपविले नाही. तुझ्याशी मात्र ते लपविले. त्याबद्दल क्षमा कर.